भोंग्यावरची यादी

शेळ्यांना गव्हाच्या खळीचा वास फार आवडतो, हे मला कृषी पदविकेच्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. नोकरी लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ते कळलं. कुणाकुणाला सरकारी अनुदान मिळालं त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायची, असा आदेश होता. मी नवा होतो, उत्साहात होतो. घरून खळ शिजवून नेली, यादी चारी कोपऱ्यांनी नीट चिकटवली आणि 'यादी प्रसिद्ध केली' असा दाखला ग्रामसेवकांकडून घेऊन तालुक्याला दिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भिंतीवर वरचा मथळा तेवढा शिल्लक. खालची सगळी नावं सरपंचांच्या दोन शेळ्यांनी खाऊन टाकलेली. मी घाबरून वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "दाखला घेतलाय ना?" म्हटलं, घेतलाय. "मग झालं," असं म्हणून ते चहाकडे वळले.

तेहतीस वर्षं मी कृषी सहायक होतो. सुरुवातीची काही वर्षं शिरूर तालुक्यात आणि बाकी सगळी दौंडला, भीमेच्या काठच्या उसाच्या गावांत. लोकांना वाटतं, कृषी सहायक म्हणजे बांधावर उभा राहून कीड ओळखणारा माणूस. कीड मला ओळखता येते. उसाचं पान कसं वाळतंय हे बघून खाली मुळाशी हुमणीची अळी आहे की नाही, हे मी मोटारसायकलवरून न उतरता सांगेन. पण खरं सांगायचं तर निम्मी नोकरी याद्या करण्यात गेली. गारपीट झाली, यादी करा. पंप आले, यादी करा. ठिबकचे अर्ज आले, यादी करा. आमच्या खात्यात पीक कुठलंही असो, उतारा कागदाचाच जास्त.

बाहेरच्यांना हे अनुदानाचं प्रकरण नीट कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सरकार कुणाच्या हातात नोटा ठेवत नाही. शेतकरी अर्ज करतो, मंजुरी येते, मग तो आधी पदरचे पैसे घालून ठिबक बसवतो, शेततळं खोदतो किंवा कांदाचाळ बांधतो. त्यानंतर माझ्यासारखा माणूस टेप घेऊन जातो, लांबी-रुंदी मोजतो, मालकाला त्या वस्तूशेजारी उभं करून फोटो काढतो. याला आम्ही मोका तपासणी म्हणतो. ती झाली की पैसे खात्यावर जमा होतात. म्हणजे सगळा खेळ एका माणसाच्या टेपवर आणि नजरेवर चालतो. ती नजर कधी मुद्दाम झाकली जाते आणि कधी आपोआप झाकते. माझी एकदा आपोआप झाकली, ती गोष्ट पुढे येईलच.

मुद्दाम झाकायला सांगणारे पुष्कळ भेटले. शिरूरला असताना शिक्रापूरच्या अलीकडच्या एका बागायतदाराने भाजीपाला निवडायला आणि भरायला म्हणून अनुदानातून चांगली पक्की शेड बांधली होती. फोटो झाला, पैसे मिळाले. वर्षभराने फेरतपासणीला गेलो तर शेडला आतून चार भिंती, चार दारं, प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग. एक दार वाजवलं. आतून एक कारखान्यातला मुलगा टॉवेलवर बाहेर आला. मी त्याला विचारलं, इथे भाजी कुठे ठेवतात? तो डोळे चोळत म्हणाला, "भाजी तो फ्रिज में है, साहब." मालकाला जाब विचारला तर त्यालाच माझं नवल वाटलं. म्हणाला, "साहेब, भाजीला दर न्हाई. खोलीला हाय." मी अहवाल लिहिला. त्याचं पुढं काय झालं, ते मला कधी कळलं नाही.

दौंडला बदली झाली तेव्हा मी चौफुल्याला खोली घेतली. सोमवारी पहाटे शिरूरजवळच्या गावाहून निघायचं, न्हावऱ्यावरून यायचं, शनिवारी दुपारी परत. घर, म्हातारी आई, दोन मुलं आणि साडेतीन एकर जमीन हे सगळं मंगल बघायची. मंगल म्हणजे माझी बायको. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा माझा हिस्सा मी तिच्या नावावर केला होता. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. मी बाहेरगावी, सोसायटीत, तलाठ्याकडे सह्यांना माणूस जागेवर हवा, एवढाच हिशेब. लोक मात्र मला फार सुधारलेला समजत आणि मी त्यांचा समज कधी मोडला नाही.

दौंडच्या त्या गावात यादी लावण्याची पद्धत आणखी सुधारलेली होती. शेळ्यांपासून बचाव म्हणून काचेची पेटी आणली होती. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली हरवलेली होती. त्यामुळे नवी यादी काचेवर बाहेरून धरायची, फोटो काढायचा आणि यादी घडी करून फाईलला लावायची. काचेच्या आत कुठल्याशा जुन्या लसीकरणाची सूचना पिवळी पडत बसलेली. एकदा मी असाच यादी धरून उभा असताना एक म्हातारी थांबली. तिने विचारलं, कसला कागद? म्हटलं, कुणाला किती अनुदान आलं त्याचा. ती म्हणाली, "मग तोंडानं सांग की बाबा. मला कुठं वाचाया येतंय?"

तिचं म्हणणं मला पटलं. गावात निम्म्या बायकांना आणि बऱ्याच म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना चष्मा सापडत नव्हता. ग्रामपंचायतीवर भोंगा होता, पाण्याची वेळ आणि घरपट्टी सांगायला. मी सरपंचांना विचारलं. ते हसून हो म्हणाले, कारण त्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या ग्रामसभेत मी माईक हातात घेतला आणि पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढलं. नाव, गट नंबर, योजना, रक्कम. पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि एक गाळायचा नाही, हा नियम मीच मला घालून घेतला.

लोकांना ते फार आवडलं. पुढच्या वेळी बायका निवडायला मूग घेऊन आल्या. एकाच घरात तीन फवारणी पंप आल्याचं भोंग्यावरून निघालं तेव्हा त्या घरच्या कर्त्याने सभेतच सांगितलं की दोन भावकीला द्यायला घेतलेत, आणि मग खरोखरच द्यावे लागले. एकाला आपलं ठिबकचं अनुदान आल्याचंच माहीत नव्हतं, कारण ते बंद पडलेल्या जुन्या खात्यावर जाऊन बसलं होतं. ते नाव ऐकून तो बँकेत पळाला. पुढच्या वर्षी ज्यांना हवं होतं त्यांनी वेळेत अर्ज केले, कारण काय मिळतं हेच आता सगळ्यांना कळलं होतं. गावाने माझं नाव भोंगासाहेब ठेवलं. मी वरवर रागवायचो आणि आतून फुलायचो. आजूबाजूच्या गावांतही मी हे सुरू केलं. एखाद्या गायकाला बैठक रंगल्यावर जे वाटत असेल, ते मला रक्कम वाचताना वाटायला लागलं होतं, हे आता कबूल करतो.

मग ती वर्षाच्या सहा हजारांची योजना आली. दर चार महिन्यांनी शेतकऱ्याच्या खात्यावर थेट दोन हजार. गावोगाव टेबलं मांडून एका झटक्यात अर्ज भरून घेतले, म्हणून त्यात नको ती नावंही शिरली. सरकारी नोकर, आयकर भरणारे, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे आणि त्यांचे नवरे-बायका, यांना ते पैसे घेता येत नव्हते. काही काळाने अशांची नावं शोधून तालुक्याहून नवी यादी आली. मथळा होता, अपात्र लाभार्थी. पैसे परत भरून घ्यायचे होते. यादी प्रसिद्ध करायची, हे नेहमीप्रमाणे शेवटी लिहिलेलं होतंच.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ती वाचली. नऊ नावं होती. सातवं नाव गेनबा आप्पांचं.

गेनबा आप्पा गावचे पोस्टमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांना चांगली पेन्शन होती. रोज दहाच्या सुमाराला पारावर येऊन ते मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि दहा-बारा माणसं ऐकायला बसायची. त्या दिवशी ते सभेच्या मागच्या बाजूला सायकल धरून उभे होते. मी नेहमीसारखं सगळं वाचलं. नाव, गट नंबर, रक्कम, आणि कारणाच्या रकान्यात होतं ते: निवृत्तिवेतनधारक. कुणीतरी मागून म्हणालं, "आरं, आप्पा बी?" आणि दोघं-तिघं हसले. हसणं दुष्टपणाचं नव्हतं. आप्पांनी सायकलचा स्टँड पायाने वर घेतला आणि ते निघून गेले. मी आठवं नाव वाचायला घेतलं.

त्या शनिवारी जेवताना मी हे मंगलला सांगितलं. मोठ्या ऐटीत सांगितलं, की बघ, यादीपुढे लहान-मोठा कुणी नाही. तिने फक्त विचारलं, "त्यांना आधी सांगितलं व्हतं का?" मी म्हटलं, आधी सांगायचा प्रश्न कुठे येतो, नियम सगळ्यांना सारखा. ती उठली आणि ताक आणायला आत गेली. बराच वेळ आतच होती. मला वाटलं, ताक घुसळतेय.

आप्पांनी तीन दिवसांत सगळी रक्कम भरली आणि पावतीची प्रत ग्रामपंचायतीत आणून दिली. पण पारावर यायचे थांबले. आठ-दहा दिवसांनी मला ते लागायला लागलं, म्हणून त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसले होते. चहा सांगितला. मी काही बोलायच्या आत तेच बोलले. "साहेब, तुमचं काय बी चुकलं न्हाई. आमच्या खात्यात एकच शिकिवलं व्हतं, ज्याच्या नावाचं आलं त्याला द्यायचं. माझ्या नावानं आलं, मी घेतलं. इचार करायला पायजे व्हता, तेवढा केला न्हाई."

मी म्हटलं, आप्पा, सार्वजनिक पैसा आहे, लोकांना कळायलाच हवा.  ते म्हणाले, "कळायलाच पायजे. पर मी बत्तीस वर्सं मनीऑर्डरी वाटल्या. कुनाच्या पोरानं किती धाडले, कुनी सालभर धाडलेच न्हाईत, समदं मला ठावं. कवा वेशीत उभं राहून सांगितलं न्हाई. दारात जाऊन दिलं. तुम्ही बी आदल्या दिशी दारात आला असता, तर मी सोताच पैसं भरून, पावती घिऊन सभेला आलो असतो. मग खुशाल वाचायचं व्हतं."

 मनीऑर्डर खासगी असते आणि अनुदान सरकारी, हा मुद्दा माझ्याकडे होता आणि तो बरोबरही होता. पण आप्पा वाचू नका म्हणतच नव्हते. ते फक्त एक दिवस मागत होते. तो द्यायला मला मोटारसायकलची एक किक पुरली असती. मी चहा पिऊन उठलो आणि पुढचा महिनाभर पाराकडे बघायचं टाळलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका शुक्रवारी मला फोन आला. आमच्या स्वतःच्या गावाला, शिरूर तालुक्यात, तेव्हा स्वाती नावाची नवी कृषी सहायक होती. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. ती फार चाचरत बोलत होती. "सर, तुमच्या गावाची अपात्र यादी आलीये. त्यात एक नाव आहे. मला वाटलं, लावायच्या आधी तुम्हाला सांगावं." मग तिने नाव वाचलं. मंगल, पुढे माझं नाव, पुढे आमचं आडनाव. कारण: पती शासकीय सेवेत.

मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून बोलत होतो, तसाच फोन कानाला धरून उसाच्या बांधावर बसलो. आधी मला स्वातीचा राग आला, मग त्या टेबल मांडणाऱ्यांचा, मग मंगलचा. शेवटी राग धरायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. नऊ-दहा गावांत मी अपात्रांची नावं भोंग्यावरून वाचली होती आणि माझ्याच घरचं नाव एका यादीत बसलेलं होतं. स्वाती फोनवर पुढे सांगत होती की काळजी करू नका, इथे कुणी वाचत नाही, मी बोर्डावर धरून फोटो काढते आणि काढून घेते. जी पद्धत मोडली म्हणून मी छाती फुगवून फिरत होतो, त्याच पद्धतीत मला आता लपायला जागा मिळत होती. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

घरी जायच्या आधी मी आप्पांकडे गेलो. का गेलो, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. त्यांना म्हटलं, आप्पा, माझ्या घरचं नाव आलंय. मला वाटलं होतं, ते निदान एकदा माझ्याकडे रोखून बघतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बाईसाहेबांना सांगितलं का?" म्हटलं, अजून नाही. "मग हितं कशाला आलाय? आधी त्यांच्या दारात जा." चहासुद्धा विचारला नाही.

शनिवारी दुपारी पोचलो तेव्हा मंगल कांद्याच्या रोपाच्या वाफ्यात बसून तण काढत होती. मी वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं, नियम कोणता, चूक कुठे झाली, किती भरावे लागतील. ती वर बघून म्हणाली, "आली का यादी?" माझं जुळवलेलं सगळं तिथेच विस्कटलं.

तिला ठाऊक होतं. आप्पांची गोष्ट मी ऐटीत सांगितली, तेव्हाच तिला कळलं होतं की आपलं नावही कधीतरी येणार. तेव्हापासून ती सांगायचं म्हणत होती, पण भोंगासाहेबाला सांगायची भीती वाटली. ती हे तण काढता काढता शांतपणे सांगत होती. बायकोला आपली भीती वाटते, हे मला साडेतीन एकराच्या मधोमध उभं राहून कळलं.

मी विचारलं, अर्ज भरलाच का? म्हणाली, चावडीवर टेबल मांडलं होतं, सगळ्या बायका चालल्या होत्या, तीही गेली. टेबलामागच्या माणसाने उतारा बघितला, आधार बघितलं. फॉर्मच्या खाली बारीक अक्षरांत घरातल्या नोकरीचं काहीतरी होतं, ते कुणी वाचलं नाही, तिनेही नाही. सही कुठे करायची तेवढं दाखवलं.

"त्यांनी एकच इचारलं," मंगल म्हणाली. "शेती कोन करतं? मी म्हनलं, मी करते."

 ते खरंच होतं. नांगरट कधी करायची, बी कुठलं आणायचं, पाण्याची पाळी कुणाशी बदलून घ्यायची, मजूर कुठून आणायचे, बाजारात गाडी कधी काढायची, हे सगळं वीस वर्षांहून जास्त तीच ठरवत होती. मी शनिवारी येऊन बांधावरून एक चक्कर मारायचो, दोन सल्ले द्यायचो आणि सोमवारी दौंडला जाऊन लोकांना 'आमच्या शेतात' अशी सुरुवात करून सांगायचो. हजारो शेतकऱ्यांची नावं मी माझ्या अक्षरात लिहिली असतील. त्यात मंगलचं नाव लिहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"पैसे कुठे आहेत?" मी विचारलं. तर दरवर्षी मी बियाण्याला म्हणून जे देत होतो ते कधी पुरलंच नव्हतं, आणि वरचं तिने त्या दोन हजारांतून घातलं होतं. मी मात्र इतकी वर्षं माझ्या पैशात शेती पिकते अशा समजात होतो. ती हात झटकत उठली. म्हणाली, विकलेल्या कांद्याची पट्टी आलेली आहे, त्यातून भरून टाकू. मग तिने विचारलं, "अपात्र म्हंजी काय व्हो? लायक न्हाई असं का?"

मी म्हटलं, तसं नाही, माझी सरकारी नोकरी आहे म्हणून तुला ते पैसे घेता येत नाहीत.

"म्हंजी तुमची नोकरी हाय, म्हनून मी शेतकरी न्हाई."

नियम तसा नव्हता. नियमात ती शेतकरी होती, फक्त पैशाला अपात्र होती. हा फरक मी दुसऱ्या कुणालाही दोन मिनिटांत समजावून दिला असता. तिला समजावताना माझी जीभ अडखळली, कारण नियमात नसलं तरी आमच्या घरात तसंच होतं.

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं शिरूरला तहसीलला गेलो. पैसे तिने भरले. पावती तिने घेतली, दोनदा वाचली आणि पिशवीत खाली ठेवली. परत येताना एस. टी. स्टँडसमोर उसाचा रस पीत असताना मी तिला सांगितलं की आता हे मिटलं, स्वाती बोर्डावर यादी धरून फोटो काढेल, कुणाला कळणारही नाही. तिने ग्लास खाली ठेवला. "त्या आप्पांचं वाचलं ना तुम्ही?" म्हणाली. "मग माझं बी वाचा."

आमच्या गावची दोन ऑक्टोबरची ग्रामसभा नेहमीप्रमाणे माणसं न जमल्यामुळे तहकूब झाली होती आणि आठवड्यावर ढकलली होती. तहकूब सभेला माणसं कमी असली तरी चालतात, म्हणून आमच्या गावात बहुतेक सभा तहकूबच होतात. आदल्या दिवशी संध्याकाळी स्वातीला बरोबर घेऊन मी यादीतल्या प्रत्येक घरी गेलो. मंगल धरून अकरा नावं होती, म्हणजे दहा दारं. एकाने शिव्या घातल्या. एकाने दार उघडलं नाही, त्याला खिडकीतूनच सांगितलं. दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं की सकाळीच जाऊन भरू. एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला बसवून घेतलं आणि आपला अर्ज कुणी भरला याची एवढी लांब कहाणी सांगितली की स्वाती पेंगायला लागली. पण कुणालाच दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून पहिल्यांदा कळणार नव्हतं. हे काम इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पुरं केलं, असं मला वाटलं.

सभेला साठ-सत्तर माणसं आली. एवढी आमच्या गावात लग्नाशिवाय जमत नाहीत. बातमी पसरली होती की भोंगासाहेब आपल्याच गावात, आपल्याच बायकोचं नाव वाचणार. स्वातीने यादी माझ्या हातात दिली आणि सरपंचांनी माईक देताना हळूच विचारलं की तेवढं एक नाव वगळलं तर? मी नकारार्थी मान हलवली. बायका डाव्या बाजूला बसल्या होत्या. मंगल दुसऱ्या ओळीत होती, मांडीवर ती पिशवी घेऊन.

मी पहिल्या नावापासून सुरू केलं. ज्यांनी पैसे भरले होते त्यांनी जागेवरून पावती वर केली, तसं आदल्या दिवशी ठरलं होतं. कुणी हसलं नाही. आठवं नाव तिचं होतं. आवाज स्थिर ठेवायचा असं ठरवून मी तिचं नाव वाचलं, गट नंबर वाचला, रक्कम वाचली, आणि कारण वाचलं: पती शासकीय सेवेत.

मंगल उठून उभी राहिली. पावती वर धरली. मला वाटलं, ती आता बसेल.

"पैसे भरलेत, ही पावती," ती म्हणाली. "पर शेती मीच करते. ते बी वाचा."

सभा माझ्याकडे बघत होती. मी कागदाकडे बघितलं. नाव, गट नंबर, रक्कम, कारण. तसा रकाना त्या यादीत नव्हता, आणि छापलेल्या कागदाबाहेरचा एकही शब्द मी आजवर भोंग्यावरून उच्चारला नव्हता. मी माईक तोंडाजवळ घेतला, तिचं नाव पुन्हा पहिल्यापासून वाचलं, गट नंबरासकट, आणि पुढे म्हणालो, "शेती स्वतः करतात."